तालुका निवडला, तरी गावाची यादी रिकामीच : दर हंगामात परत येणारी तक्रार

‘तालुका दिसतोय, पण गावं येत नाहीत.’ खरेदी केंद्र असो, पतसंस्था असो की शाळेचा प्रवेश अर्ज, ज्या फॉर्ममध्ये एक ड्रॉपडाऊन दुसऱ्यावर अवलंबून आहे तिथून ही तक्रार कधी ना कधी येतेच. दुरुस्ती होते, काही दिवस शांततेत जातात, आणि हंगाम तोंडावर आला की तीच तक्रार त्याच शब्दांत पुन्हा हजर. शब्द तेच, म्हणून आपणही जुनी दुरुस्ती उकरून काढतो. पण बहुतेक वेळा लक्षण तेवढं जुनं असतं, दुखणं नवीन.

उदाहरणाला नाशिक जिल्ह्यातला शेतमाल खरेदीचा फॉर्म घेऊ. जिल्ह्यात तालुके १५, गावं दोन हजारांच्या घरात. तालुक्यावर गाव अवलंबून, गावावर शेतकरी. दुसरीकडे पिकावर वाण: कांदा निवडला तर उन्हाळ, लाल, द्राक्ष निवडलं तर थॉमसन, सोनाका, शरद. आणि या सगळ्यावर लॉगिन कोणाचं आहे याचं बंधन. केंद्रचालकाला त्याच्या केंद्राचे तालुके, पर्यवेक्षकाला त्याच्या हाताखालच्या केंद्रांचे, मुख्य कार्यालयाला सगळे. सर्व्हरवर जँगो (पायथनमध्ये वेब ॲप बांधायची चौकट) आहे असं धरून लिहितोय. लॅराव्हेल किंवा आणखी काही वापरत असाल तर नावं बदलतील, खोड्या याच राहतील.

मुळात गावांची यादी तीन वेळा ठरते: फॉर्म उघडताना, तालुका बदलल्यावर आणि सेव्ह दाबल्यावर. उघडताना फॉर्मचा क्लास ठरवतो, बदलताना जावास्क्रिप्टने मागवलेला सर्व्हरचा दुवा (यूआरएल) ठरवतो, सेव्ह करताना पुन्हा फॉर्म तपासतो. ‘या वापरकर्त्याला, या तालुक्यातली कोणती गावं?’ हा नियम या तीन ठिकाणी तीनदा वेगवेगळा लिहिला असेल तर आज ना उद्या एक प्रत मागे राहणार. खाली बरंच काही लिहिलंय, पण निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथेच आहे. नियमाचं एक फंक्शन करा, त्याला वापरकर्ता आणि तालुका द्या, ते गावं परत देईल. तिन्ही ठिकाणी तेच बोलवा.

तपासाला कुठून लागायचं

व्हॉट्सॲपवर आलेला स्क्रीनचा फोटो इथे कामाचा नाही. सगळ्या प्रकारांत फोटो एकसारखाच दिसतो: रिकामा चौकोन. त्याऐवजी दोन गोष्टी विचारा. सगळ्यांनाच होतंय की ठरावीक माणसालाच? आणि नवीन नोंद करताना होतंय, सेव्ह दाबल्यावर होतंय, की जुनी नोंद दुरुस्तीला उघडल्यावर?

मग त्याच माणसाच्या लॉगिनने, म्हणजे तेवढेच अधिकार असलेल्या चाचणी खात्याने, ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून नेटवर्कचा टॅब उघडा आणि तालुका निवडा. रिक्वेस्ट (सर्व्हरकडे मागणी) जातच नाही, जाते पण उत्तर भलतंच येतं, किंवा उत्तर बरोबर येऊनही यादीत उतरत नाही, यांपैकी काय होतंय ते लगेच कळेल. स्वतःच्या ॲडमिन लॉगिनने तपासत बसू नका. ॲडमिनला सगळे तालुके दिसतात, आणि म्हणूनच पुढचा सगळ्यात छळणारा प्रकार त्याला कधीच दिसत नाही.

एकच तालुका असलेला केंद्रचालक

सुरगाण्याच्या केंद्रावरून आलेला फोन साधारण असा असतो:

“साहेब, गावाची यादी परत गेली.”

“तालुका कोणता दिसतोय?”

“सुरगाणाच. आम्हाला दुसरा येतच नाही.”

“तो तुम्ही निवडला, की फॉर्म उघडल्याबरोबर तिथे होताच?”

“होताच की. निवडायला दुसरं आहे काय त्यात?”

निदान इथेच झालं. गावं मागवणारा कोड तालुक्याच्या ‘चेंज’ घटनेला बांधलेला असतो. ज्याच्या यादीत १५ तालुके आहेत तो एक निवडतो, रकान्याची किंमत (व्हॅल्यू) बदलते, घटना घडते, गावं येतात. ज्याच्या यादीत एकच तालुका आहे आणि तो आधीच निवडलेला आहे, त्याच्याकडून बदल होणार तरी कसा? तो यादी उघडून पुन्हा सुरगाण्यावरच टिचकी मारतो. किंमत होती तीच राहते, म्हणून घटना घडत नाही, रिक्वेस्ट जात नाही. आपण स्क्रिप्टमधून तालुका आपोआप भरला तरी तेच: कोडने किंमत बदलली की ब्राउझर ‘चेंज’ घटना पाठवत नाही, ती माणसाने बदललं तरच येते.

म्हणजे वापरकर्त्याचं बंधन आणि रकान्यांचं अवलंबन हे दोन्ही सुटे सुटे नीट चालतात, एकत्र आले की अडतात. चाचणी करताना आपण दोन्ही वेगवेगळे तपासतो, म्हणून हे निसटतं.

उपाय असा की गावं भरणारं काम वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवायचं आणि ते दोनदा बोलवायचं: पान उघडल्यावर एकदा, आणि प्रत्येक बदलावर. त्याहून बरा उपाय म्हणजे तालुका आधीच ठरलेला असेल तर सर्व्हरनेच गावांची यादी भरून पान पाठवावं. पेठ-सुरगाण्याकडे नेटवर्कची रड असते. एक फेरी वाचली तर वाचली.

काही जण एकच तालुका आहे म्हणून तो रकाना ‘डिसेबल’ करून टाकतात, दिसायला नीटनेटकं. पण डिसेबल केलेला रकाना फॉर्मबरोबर सर्व्हरला जातच नाही, हा एचटीएमएलचा नियम आहे. मग सेव्ह करताना तालुका रिकामा, तालुका नाही म्हणून गावही चुकीचं. ‘रीडओन्ली’ लावावं तर ते ड्रॉपडाऊनला लागू होत नाही. जँगोच्या रकान्यालाच ‘डिसेबल्ड’ दिलं तर जँगो ब्राउझरकडून आलेलं सोडून सुरुवातीची किंमत धरतो. ते चालेल, पण मग ती सुरुवातीची किंमत दरवेळी द्यायला विसरू नका.

सिलेक्ट-टू (ड्रॉपडाऊनमध्ये शोधायची सोय देणारी लायब्ररी) वापरत असाल तर आणखी एक खोच. ते आपली ‘चेंज’ घटना जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीमार्फत उडवतं. तुम्ही साध्या जावास्क्रिप्टच्या ‘ॲड-इव्हेंट-लिसनर’ने ऐकत बसला असाल तर ती कानावर येणारच नाही. ऐकणाराही जेक्वेरीचा हवा. वर्षभर चाललेला फॉर्म ‘यादीत शोधायची सोय करून द्या’ या मागणीनंतर बंद पडला, तर आधी इथे बघा.

रिक्वेस्ट जाते, उत्तर भलतंच

जेवणानंतर तक्रार येत असेल तर लॉगिनचं सत्र (सेशन) संपलेलं असतं. जावास्क्रिप्टने गावं मागितली, सर्व्हरने लॉगिनच्या पानाकडे वळवलं, ब्राउझर निमूटपणे तिकडे गेला आणि जेसनऐवजी (म्हणजे यादीच्या माहितीऐवजी) लॉगिन पानाचं एचटीएमएल घेऊन आला. स्थिती-क्रमांक २००, म्हणजे वरवर सगळं ठीक. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये मात्र कोनदार कंसाबद्दल (<) कुरकुर दिसेल. यादीच्या दुव्याने लॉगिन नसेल तर सरळ ४०१ (‘लॉगिन नाही’ हा स्थिती-क्रमांक) द्यावा आणि पानावर ‘पुन्हा लॉगिन करा’ असा मराठीत निरोप दिसावा. रिकामा चौकोन हा निरोप नव्हे.

दुसऱ्याची गावं दिसत असतील तर केंद्रावर संगणक एकच आहे का ते विचारा. सकाळी एकाचं लॉगिन, दुपारी दुसऱ्याचं, दुवा मात्र तोच: तालुका क्रमांक अमुकची गावं द्या. वेग वाढावा म्हणून कोणी त्या उत्तराला तासाभराची कॅश (साठवण) लावली असेल तर ब्राउझर दुपारच्या माणसाला सकाळचीच यादी देतो. वापरकर्त्यानुसार बदलणाऱ्या उत्तराला जँगोचं ‘नेव्हर-कॅश’ लावा, त्यात ‘नो-स्टोअर’, म्हणजे ‘साठवूच नका’, येतं. नुसतं ‘प्रायव्हेट’ (फक्त ब्राउझरने साठवावं) इथे पुरत नाही, कारण ब्राउझर दोघांचा एकच आहे. आणि वापरकर्ता कोण हे दुव्यातल्या क्रमांकावरून कधीही ठरवू नका, सत्रावरूनच ठरवा. नाहीतर दुव्यातला आकडा बदलला की कोणालाही कोणाचीही गावं, आणि पुढे शेतकऱ्यांची नावं, उघडी.

तालुका निफाड असताना गावं येवल्याची दिसली तर ती शर्यत आहे. आधी येवला निवडला, चूक लक्षात आल्यावर लगेच निफाड. निफाडचं उत्तर लवकर आलं, येवल्याचं रेंगाळत मागून आलं आणि त्यावर बसलं. नवी रिक्वेस्ट पाठवताना जुनी ‘अबॉर्ट-कंट्रोलर’ने रद्द करा, किंवा उत्तर आल्यावर तालुका अजून तोच आहे का हे बघून मगच यादी भरा. ऑफिसच्या वेगवान लाइनवर हे घडवून दाखवता येत नाही. नेटवर्कच्या टॅबमध्ये वेग मुद्दाम कमी करा.

सेव्ह दाबलं की ‘व्हॅलिड चॉइस’ची आरोळी

यादी दिसली, गाव निवडलं, सेव्ह दाबलं, आणि जँगो म्हणतो: ‘सिलेक्ट अ व्हॅलिड चॉइस. दॅट चॉइस इज नॉट वन ऑफ द अव्हेलेबल चॉइसेस.’ वापरकर्ता चक्रावतो, कारण त्याने यादीतलंच निवडलेलं असतं.

होतं काय, की सुरुवातीला गावाची यादी रिकामी ठेवायची म्हणून फॉर्मच्या ‘इनिट’मध्ये (फॉर्म तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये) गावाचा क्वेरीसेट, म्हणजे डेटाबेसमधून आणायच्या ओळींची यादी, ‘नन’ म्हणजे रिकामा केलेला असतो. जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्ये यादी भरतं, पण ते सर्व्हरला कुठे माहीत? सेव्हच्या वेळी फॉर्म नव्याने तयार होतो, पुन्हा रिकामा क्वेरीसेट घेऊन, आणि आलेलं गाव त्यात शोधतो. सापडणार नाहीच.

इथे ‘सगळीच गावं चालू द्या’ म्हणून क्वेरीसेट मोकळा सोडायचा मोह होतो. आरोळी थांबते, पण नियमही गेला. मग कोणीही ब्राउझरमध्ये किंमत बदलून दुसऱ्या तालुक्याचं गाव पाठवू शकतो, आणि मुद्दाम कोणी करणार नाही असं धरलं तरी वरच्या शर्यतीतून आलेलं चुकीचं गाव बिनबोभाट सेव्ह होतं. आरोळी होती तेच बरं होतं.

बरोबर रीत अशी: ‘इनिट’मध्ये आधी तालुका कोणता ते ठरवायचं. फॉर्म भरून आलेला असेल तर आलेल्या माहितीतून घ्यायचा; नसेल तर सुरुवातीच्या किमतीतून; तिथेही नसेल आणि जुनी नोंद असेल तर त्या नोंदीतून. क्रम हाच ठेवा. उलटा ठेवलात तर जुन्या नोंदीचा तालुका बदलून सेव्ह केल्यावर जुन्याच तालुक्याची गावं तपासली जातील आणि आरोळी परत येईल. मग तो तालुका आणि वापरकर्ता ते एक फंक्शन घेईल आणि गावांचा क्वेरीसेट देईल. आलेल्या माहितीतला तालुका हा मजकूर असतो. कोणी त्यात अक्षरं घातली तर आकड्यात बदलताना सगळं पान कोसळू नये, एवढी काळजी घ्या.

वापरकर्ता फॉर्मपर्यंत पोचवायचा तर व्ह्यूच्या (पानाची रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडच्या) ‘गेट-फॉर्म-क्वार्ग्ज’मध्ये तो घालावा आणि फॉर्मच्या ‘इनिट’मध्ये ‘सुपर’ बोलवायच्या आधी ‘पॉप’ करून काढून घ्यावा. आधी काढला नाही तर मूळ क्लास अनोळखी ‘यूजर’ बघून टाइप-एररने अडतो. हे एकदा कळलं की परत चुकत नाही.

एका पावतीवर अनेक ओळी असतील, म्हणजे फॉर्मसेट असेल, तर प्रत्येक ओळीच्या रकान्याला पुढे उपसर्ग लागतो. आलेल्या माहितीत नुसतं ‘तालुका’ शोधलंत तर मिळणार नाही. ‘ॲड-प्रीफिक्स’ने पूर्ण नाव बनवून शोधा. एक ओळ चालते आणि ओळींची पावती केली की सगळ्याच अडतात, त्याचं कारण हेच.

तालुका दोनदा दिसतो, सेव्हला ५००

हा प्रकार पर्यवेक्षकांचा. लासलगावचं केंद्र निफाड तालुक्यात, पण तिथे माल येतो चांदवड-येवल्याकडूनही. म्हणून केंद्राला एकच तालुका बांधणं चुकीचं. केंद्र आणि तालुके यांचं नातं अनेकाला अनेक असंच ठेवावं लागतं. (‘आमचं गावच नाही यादीत’ ही तक्रार पुष्कळदा बगची नसतेच, केंद्र ज्या तालुक्यात आहे तेवढाच तालुका दाखवायच्या या नियमाची असते. कोड उघडण्याआधी केंद्रावर विचारा, ट्रॅक्टर कुठकुठून येतात.)

आता लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत ही दोन्ही केंद्रं एकाच पर्यवेक्षकाकडे असली, तर निफाड दोन्हींत आहे. केंद्रावरून तालुके शोधणारी क्वेरी निफाड दोनदा आणते, आणि निफाडचं प्रत्येक गावही दोनदा. यादीत दोनदा दिसणं हे कोणी फारसं मनावर घेत नाही. पण सेव्ह करताना जँगो त्या क्वेरीसेटवर ‘गेट’ करतो, त्याला एकाच क्रमांकाच्या दोन ओळी मिळतात आणि तो ‘मल्टिपल-ऑब्जेक्ट्स-रिटर्न्ड’ म्हणून ओरडतो. ही चूक फॉर्म झेलत नाही, त्यामुळे लाल ओळीऐवजी सरळ ५०० चं, म्हणजे सर्व्हरवरच चूक झाल्याचं, पान. दुहेरी ओळी गाळणारं ‘डिस्टिंक्ट’ लावलं तर भागतं. मला मात्र आधी तालुक्यांचे क्रमांक आतल्या क्वेरीने काढून मग ‘या क्रमांकांतली गावं’ असं विचारणं जास्त पटतं. कारण पुढच्याच प्रकारात ‘डिस्टिंक्ट’ असलेला आणि नसलेला असे दोन क्वेरीसेट जोडायला गेलात की जँगो नकार देतो.

जुनी नोंद उघडली, गाव गायब

केंद्रचालकाची बदली झाली, किंवा एखादं गाव यादीतून बंद केलं. गेल्या हंगामातली नोंद वजन दुरुस्त करायला उघडली, तर गावाचा रकाना कोरा. माणूस वजन बदलतो, रकाना सक्तीचा म्हणून समोर येईल ते गाव ठोकतो आणि मोकळा होतो. नोंद कायमची बिघडली, आणि याची तक्रारसुद्धा येत नाही. येते ती हिशेबाच्या वेळी.

दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये यादी ही ‘आज परवानगी असलेली गावं, अधिक या नोंदीत आधीपासून असलेलं गाव’ अशी हवी. दोन अटी जँगोचं ‘क्यू’ वापरून ‘किंवा’ने जोडा. नवीन नोंदीला ही सवलत नको. बंद केलेलं गाव डेटाबेसमधून पुसून टाकण्याचा विचारही नको, फक्त ‘चालू नाही’ अशी खूण करा.

शेजाऱ्याची यादी, कालची यादी

कॅश नाही, संगणकही वेगळा, तरी एकाला दुसऱ्याचे तालुके दिसतात, आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला की बरं होतं? मग फॉर्मच्या क्लासलाच कुठेतरी हात लागलाय. जँगो प्रत्येक फॉर्मसाठी रकान्यांची वेगळी प्रत काढतो, ती ‘सेल्फ’च्या ‘फील्ड्स’मध्ये. कोणी ‘बेस-फील्ड्स’ बदलले तर ते सगळ्यांचे बदलतात, आणि शेवटी ज्याने फॉर्म उघडला त्याची यादी पुढच्याला मिळते.

याचंच सौम्य भावंड म्हणजे नवीन वाण घातलं तरी यादीत न दिसणं. वाणांची यादी क्लासच्या अंगातच लूप फिरवून बनवली असेल तर ती सर्व्हर सुरू होताना एकदाच बनते. अशा कोडमुळे नव्या सर्व्हरवर ‘मायग्रेट’ (टेबल तयार करणारी आज्ञा) सुद्धा चालत नाही, कारण टेबल तयार व्हायच्या आधीच ते वाचायचा प्रयत्न होतो. ‘चॉइसेस’ला यादी न देता फंक्शन द्या, किंवा सरळ ‘मॉडेल-चॉइस-फील्ड’ वापरा.

नावावर जाऊ नका

ड्रॉपडाऊनची किंमत म्हणून गावाचं नाव वापरलेले फॉर्म अजून भेटतात. पिंपळगाव बसवंत निफाडात, पिंपळगाव बहुला नाशकात, पिंपळगाव डुकरा इगतपुरीत, आणि बोलताना तिघंही नुसतं पिंपळगाव. एका फाइलमध्ये तालुका बागलाण, दुसरीत सटाणा. तालुका एकच, सटाणा हे त्याचं मुख्य गाव. क्रमांकच वापरा, आणि सरकारी यादीशी जुळवायचं असेल तर लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीचे कोड शेजारच्या रकान्यात ठेवा.

जाता जाता क्रमाचंही: युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ला लागून येतो, आपल्या वर्णमालेत ‘ह’च्या नंतर. यादी वर्णमालेप्रमाणे हवी असा आग्रह धरणारा एखादा मास्तर प्रत्येक केंद्रावर असतोच.

चाचणीची खाती

दुरुस्ती झाली की ॲडमिनने नाही, या चार खात्यांनी तपासायचं: एकच तालुका असलेला केंद्रचालक, एक तालुका सामाईक असलेल्या दोन केंद्रांचा पर्यवेक्षक, बदली होऊन आलेला (ज्याच्या जुन्या नोंदी दुसऱ्या तालुक्यात आहेत), आणि ज्याला अजून एकही तालुका जोडलेला नाही असा. चौथ्याला रिकामी यादी दिसणं नियमाने बरोबरच आहे, पण त्याला ते कसं कळावं? त्याच्यासाठी यादीच्या जागी ‘तुमच्या खात्याला तालुका जोडलेला नाही, मुख्य कार्यालयाला कळवा’ एवढी ओळ दाखवा.